केबल कुठल्या टोकाकडून ओढायची? ताण आणि साइडवॉल प्रेशरचा हिशेब

जमिनीखालच्या डक्टमधून वीजवाहक केबल ओढायची म्हटलं, की पहिला प्रश्न येतो: ताणाने ती तुटणार तर नाही ना? प्रश्न योग्य आहे, पण अपुरा. केबल न तुटताही बिघडू शकते. वाकणावर ती डक्टच्या भिंतीवर दाबली जाते. बाहेरचं आवरण ठीक दिसतं, पण आतलं इन्सुलेशन किंवा स्क्रीन दुखावलेलं असू शकतं. ते कळतं केबल चालू झाल्यावर, कधी कधी काही वर्षांनी. तोवर वर रस्ता झालेला असतो.

म्हणून मर्यादा दोन असतात, आणि दोन्ही वेगवेगळ्या तपासाव्या लागतात.

पहिली मर्यादा: ताण

कंडक्टरला पुलिंग आय लावून ओढायचं असेल, तर आयएस १२५५ : १९८३ हे भारतीय मानक ॲल्युमिनियमसाठी प्रति चौरस मिलिमीटर ३० न्यूटन आणि तांब्यासाठी ५० न्यूटन इतका ताण चालवून घेतं. म्हणजे ४०० चौ. मिमी ॲल्युमिनियमला १२,००० न्यूटन.

सरळ, सपाट डक्टमध्ये हिशेब सोपा: ताण = घर्षण गुणांक (म्यू) × दर मीटरचं वजन × लांबी. इथे ताण बेरजेने वाढतो.

वाकणावर मात्र तो गुणाकाराने वाढतो. बुजलेल्या बैलाचं दावं खांबाला दोन वेढे मारून धरलं, की एकटा माणूसही त्याला थोपवू शकतो. त्यामागचं गणित हेच आहे:

बाहेर पडतानाचा ताण = आत येतानाचा ताण × ई चा (म्यू × थीटा) वा घात

थीटा म्हणजे वाकणाचा कोन, रेडियनमध्ये. नीट बघा, या सूत्रात वाकणाची त्रिज्या कुठेच नाही. वाकण मोठं केलं म्हणून ताण कमी होत नाही.

दुसरी मर्यादा: साइडवॉल प्रेशर

त्रिज्या लागते ती इथे. साइडवॉल प्रेशर = वाकणातून बाहेर पडतानाचा ताण ÷ वाकणाची त्रिज्या. नाव प्रेशर असलं तरी एकक न्यूटन प्रति मीटर. अमेरिकेत बरीच वर्षं वापरात असलेली मर्यादा आहे फुटाला ५०० पाउंड, म्हणजे साधारण ७,३०० न्यूटन प्रति मीटर. आपल्या उदाहरणापुरती तीच घेऊ.

एकच मार्ग, दोन दिशा

समजा, एक केबल आहे: ४०० चौ. मिमी ॲल्युमिनियम, वजन मीटरला ४० न्यूटन, म्यू ०.३५. मार्ग असा: ३०० मीटर सरळ, मग ०.९ मीटर त्रिज्येचं ९० अंशांचं वाकण, मग ६० मीटर सरळ. ड्रमकडचा सुरुवातीचा ताण शून्य धरू. या वाकणावर ताण १.७३ पट होतो.

ड्रम लांब टोकाला ठेवला तर वाकणापर्यंत ४,२०० न्यूटन, वाकणानंतर ७,२८० आणि शेवटी ८,१२०. मर्यादा १२,००० ची, तेव्हा सगळं छान! पण वाकणावरचं साइडवॉल प्रेशर येतं ८,०९० न्यूटन प्रति मीटर. मर्यादा ओलांडली.

आता ड्रम आखूड टोकाला ठेवा. वाकणापर्यंत ८४०, वाकणानंतर १,४५६, शेवटी ५,६५६ न्यूटन. साइडवॉल प्रेशर फक्त १,६१७. ताण तीस टक्क्यांनी उतरला, दाब मात्र पाचपटीने! केबल तीच, खड्डा तोच. बदलली ती फक्त ड्रमची जागा. म्हणून वाकण शक्यतो ड्रमच्या जवळ ठेवायचं, आणि हे ठरवायचं ड्रॉइंग कागदावर असतानाच. साइटवर विंच रोवून झाल्यावर कोणी दिशा बदलत नाही.

मग संशोधन कशावर करायचं?

सगळी मेख म्यूमध्ये आहे, कारण तो घातांकात बसलाय. वरच्याच पहिल्या दिशेचा हिशेब ०.२ घेऊन केला तर शेवटचा ताण साधारण ३,७७० न्यूटन येतो, ०.५ घेऊन केला तर १४,३६०. एका आकड्यापायी निकाल ‘निर्धास्त ओढा’पासून ‘अजिबात नको’पर्यंत जातो.

आणि म्यू हा स्थिरांक नाही. तो आवरण, डक्ट, वंगण आणि तापमान यांवर अवलंबून असतोच, शिवाय साइडवॉल प्रेशर वाढलं की परिणामी म्यू कमी होताना दिसतो. म्हणजे ज्या दाबाचं उत्तर काढायचंय, तोच दाब प्रश्नातही शिरतो. अमेरिकेच्या इलेक्ट्रिक पॉवर रिसर्च इन्स्टिट्यूटने १९८४ च्या अहवालात चाचण्यांच्या आधारे काही केबलप्रकारांसाठी जुन्या मर्यादा वाढवता येतात असं दाखवलं. जुना आकडा पुन्हा मोजून बघणं हेही संशोधनच असतं.

या विषयावरचा पेपर वाचताना तीन प्रश्न जवळ ठेवा. म्यू मोजलाय की कुठून तरी उचललाय? मोजला असेल तर कुठल्या दाबाला? आणि ओढ संपल्यावर केबल उघडून तपासली का, की फक्त ताणाची नोंद बघून ‘सुरक्षित’ म्हटलं?

आता वही काढा. वरच्या मार्गात ६० मीटरच्या शेवटी आणखी एक ९० अंशांचं वाकण घाला आणि दोन्ही दिशांचा हिशेब पुन्हा करा. कुठली मर्यादा आधी मोडते ते बघा.