नाताळची सजावट : गव्हाणीपासून भेंडाच्या ताऱ्यापर्यंत

डिसेंबर महिना उजाडला की बाजारपेठांतून कागदी तारे, चमकीच्या माळा आणि रंगीत गोळे दिसू लागतात. नाताळ हा ख्रिस्ती बांधवांचा सण असला तरी त्याची रोषणाई साऱ्या गावाचीच होऊन जाते. ही सजावट कोठून आली आणि आपल्या देशात येताना तिने कोणते रूप घेतले, याचा इतिहास मनोरंजक आहे. या इतिहासाचा एक धागा तंजावरच्या मराठी राज्यातून जातो, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते.

२५ डिसेंबर ही ख्रिस्तजन्माची तिथी रोममध्ये इ.स. ३३६ च्या सुमारास पाळली जात असल्याची नोंद आढळते. युरोपात हे दिवस कडाक्याच्या थंडीचे. बहुतेक झाडांची पाने गळून गेलेली असताना जी मोजकी झाडे हिरवी राहतात, त्यांच्या डहाळ्या घरात आणून लावणे ही तेथील जुनी रीत होती. सणाच्या दिवशी दाराला हिरवे पान हवे, ही आपल्या आंब्याच्या तोरणामागील भावनाच तेथेही होती.

सजावटीतील दुसरा घटक म्हणजे गव्हाणीचा देखावा. इटलीतील ग्रेच्चो या गावी १२२३ साली संत फ्रान्सिस यांनी गव्हाण, गवत, बैल आणि गाढव यांच्या साहाय्याने ख्रिस्तजन्माचा प्रसंग उभा केला. सामान्य जनांना ही कथा डोळ्यांनी पाहता यावी, हा त्यामागील हेतू होता. पुढे जिवंत प्राण्यांची जागा लाकडी आणि मातीच्या मूर्तींनी घेतली.

तिसरा घटक म्हणजे नाताळवृक्ष. हा जर्मन भाषिक प्रदेशाची देणगी होय. स्ट्रासबुर्ग येथील १६०५ सालच्या एका वर्णनात दिवाणखान्यात उभ्या केलेल्या झाडावर कागदी गुलाब, सफरचंदे, वर्ख आणि मिठाई टांगल्याचा उल्लेख आहे. इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरिया आणि त्यांचे जर्मन पती आल्बर्ट यांचे कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभे असल्याचे चित्र १८४८ साली एका साप्ताहिकात प्रसिद्ध झाले आणि मध्यमवर्गीय घरांत ही प्रथा झपाट्याने पसरली. त्याच सुमारास जर्मनीतील लाउशा गावच्या काचकारागिरांनी फुंकून केलेले काचेचे गोळे बाजारात आणले. १८८२ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसन यांचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी ८० छोट्या विद्युतदिव्यांनी आपला वृक्ष उजळला आणि मेणबत्त्यांमुळे लागणाऱ्या आगीचे भय पुढे हळूहळू ओसरले.

आता आपल्या देशाकडे वळू. कावेरीच्या मुखाजवळील तरंगंबाडी हे बंदर १६२० पासून डेन्मार्कच्या ताब्यात होते. १७०६ साली तेथे जर्मन धर्मोपदेशक झीगेनबाल्ग उतरले. त्या वेळी तंजावरच्या गादीवर भोसले घराणे होते. याच परंपरेतील ख्रिस्तियन फ्रीडरिख श्वार्ट्‌झ हे जर्मन पाद्री पुढे तंजावरात स्थिरावले आणि बाल सरफोजींचे पालक व शिक्षक बनले. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्‌झ निवर्तले आणि त्याच वर्षी सरफोजी राजे गादीवर आले. आपल्या गुरूचे संगमरवरी स्मारक त्यांनी इंग्लंडमधील ख्यातनाम शिल्पकार जॉन फ्लॅक्समन यांच्याकडून घडवून घेतले. मृत्युशय्येवरील गुरूजवळ उभा असलेला मराठी राजा त्या शिल्पात तंजावरच्या चर्चमध्ये आजही पाहावयास मिळतो.

सरफोजी राजे स्वतः शिवभक्त होते. त्यांनी धर्मांतर केले नाही. परंतु गुरूच्या धर्माविषयी आदर आयुष्यभर बाळगला. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरील ओरत्तनाडु येथे त्यांनी मुक्तांबाळ यांच्या नावाने विस्तीर्ण छत्र, म्हणजे धर्मशाळा व अन्नछत्र, उभारले. या गावास त्यामुळे मुक्तांबाळपुरम असेही नाव पडले. प्रवाशांना भोजन, आजाऱ्यांना औषध आणि मुलांना शिक्षण अशी तेथील व्यवस्था होती. याच परिसरातील कण्णंदंगुडी येथे गरीब ख्रिस्ती मुलांच्या पालनपोषणाची सोय राजांनी केल्याचे तत्कालीन पाद्र्यांच्या लेखनातून कळते. नाताळचा मूळ आशय निराश्रिताला आसरा मिळण्याचा आहे. तो येथे दगडी छत्राच्या आणि अन्नाच्या रूपाने साकार झाला, असे म्हणता येईल.

या प्रदेशातील नाताळच्या सजावटीनेही स्थानिक रूप धारण केले. सूचिपर्णी वृक्ष तेथील उष्ण हवेत वाढत नाही, म्हणून किनारपट्टीवर विपुल असलेल्या सुरूच्या फांदीने त्याची जागा घेतली. अंगणात मार्गळी महिन्याचे कोलम, म्हणजे आपली रांगोळी, रेखाटले जाते. दारावर तारा टांगला जातो. गव्हाणीला तमिळमध्ये ‘कुडिल’, म्हणजे झोपडी, असे म्हणतात आणि तिच्यावर गवताचे छप्पर घालतात. गोमंतकात आणि वसईतही नाताळला दारी तारा व गोठा उभारतात. दिवाळीच्या आकाशकंदिलाशी त्या ताऱ्याचे नाते कोणाच्याही सहज ध्यानात येईल.

या सजावटीमागे अनेकांची उपजीविका उभी आहे. मदुराईजवळील विळाचेरी गावचे कुंभार गणेशचतुर्थीला गणपती, नवरात्रात गोलूच्या बाहुल्या आणि डिसेंबरात गव्हाणीच्या मूर्ती घडवतात. एका सणाचे उत्पन्न दुसऱ्या सणाच्या मातीत गुंतवले जाते. यांतील एक सण जरी यंत्रनिर्मित प्लॅस्टिकने हिरावून घेतला तरी वर्षभराचे गणित बिघडते.

तंजावरची ‘नेट्टी’ ही कला याच दृष्टीने पाहण्यासारखी आहे. नेट्टी म्हणजे आपले भेंड. तळ्यांत वाढणाऱ्या या वनस्पतीचा गाभा वजनाला अत्यंत हलका आणि हस्तिदंतासारखा शुभ्र असतो. आपल्याकडे बाशिंगे आणि मखरे यांसाठी भेंड वापरले जाई. तंजावरचे कारागीर त्यातून बृहदीश्वर मंदिराच्या प्रतिकृती कोरतात. या कलेला २०२० साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. नाताळच्या ताऱ्यासाठी याहून सुबक आणि निसर्गात सहज मिसळून जाणारे साहित्य कोणते असू शकेल? मात्र मानांकनाने नाव सुरक्षित होते, ग्राहक मिळत नाही. तळी टिकली, कारागिराला वेळेवर भांडवल मिळाले आणि मालाला मागणी राहिली, तरच ही कला टिकेल.

हंगामी व्यवसायात कच्चा माल आधी घ्यावा लागतो आणि पैसे सणानंतर हाती येतात. हे अंतर सावकाराच्या कर्जाने भरले गेले, तर नफा व्याजातच जातो. २०२३ साली सुरू झालेल्या ‘पंतप्रधान विश्वकर्मा’ योजनेत कुंभार, माळा गुंफणारे आणि पारंपरिक बाहुल्या-खेळणी करणारे यांच्यासह १८ व्यवसायांचा समावेश आहे. तीत दोन टप्प्यांत एकूण ३ लाख रुपयांपर्यंतचे कर्ज ५ टक्के व्याजाने, तारणाविना देण्याची तरतूद आहे. आपल्या परिचयातील कारागिरांपर्यंत ही माहिती पोहोचवणे हेही एक मोलाचे साहाय्य ठरेल.

ग्रेच्चोच्या गव्हाणीत गावचेच गवत होते आणि स्ट्रासबुर्गच्या झाडावर घरचीच सफरचंदे होती. हाताशी असलेल्या वस्तूला हाताने शोभा आणणे, हा या सजावटीचा आठशे वर्षांचा इतिहास आहे. यंदा दारावर तारा लावताना तो कोणाच्या हातचा आहे, एवढे जरी आपण विचारले तरी त्या ताऱ्याचा प्रकाश आणखी एका घरी पोहोचेल.