९.५ टक्के आणि २७ टक्के

विशीपासून नव्वदीपर्यंत मेंदूच्या बाह्य थरातले सुमारे ९.५ टक्के न्यूरॉन कमी होतात. कोपनहेगनच्या संशोधकांनी ९४ मेंदू तपासून १९९७मध्ये हा आकडा दिला. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्यांना तो किरकोळच वाटेल. पुढे तिथेच, १८ ते ९३ वयाच्या ३१ जणांच्या मेंदूंत न्यूरॉनच्या मदतनीस पेशी, म्हणजे ग्लिया, मोजल्या गेल्या. २००८च्या त्या मोजणीत ग्लियांपैकी अ‍ॅस्ट्रोसाइटची संख्या आयुष्यभर कायम दिसली. ऑलिगोडेंड्रोसाइट मात्र २७ टक्क्यांनी घटलेल्या.

या ऑलिगोडेंड्रोसाइट न्यूरॉनच्या तंतूंवर मायलिन चढवतात, विजेच्या तारेवर प्लॅस्टिकचं वेष्टण असावं तसं. त्यामुळे संदेश वेगाने धावतात. पुरुषाच्या मेंदूतले असे वेष्टित तंतू एकापुढे एक मांडले तर विसाव्या वर्षी लांबी भरते १,७६,००० किलोमीटर, ऐंशीव्या वर्षी ९७,२०० (मोजणी २००३ची). घट ४५ टक्क्यांची, आणि त्यात बळी जातात ते मुख्यतः बारीक तंतू. अर्थात विशीतला मेंदू एकाचा, ऐंशीतला दुसऱ्याचा. एकाच माणसाचे तंतू दोनदा मोजायची सोय नाही.

नव्या पेशी ही तूट का भरत नाहीत? १९५०-६०च्या अणुचाचण्यांनी हवेत कार्बन-१४ वाढला, आणि त्या काळात जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत त्याची नोंद राहिली. त्यावरून स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेने पेशींचं वय काढलं. मेंदूचे दोन गोलार्ध जोडणाऱ्या पट्ट्यात वर्षाला ऑलिगोडेंड्रोसाइट बदलतात फक्त ०.३ टक्के, तीनशेत एक. मायलिन नवं होत राहतं, पण ते करणाऱ्या पेशी जुन्याच. याउलट साफसफाई आणि संरक्षण सांभाळणाऱ्या मायक्रोग्लियातल्या २८ टक्के दरवर्षी नव्या असतात. त्यांचं सरासरी वय ४.२ वर्षं.

नुसती डोकी मोजण्यातही फसगत आहे. लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमधल्या गटाने २०१७मध्ये १६ ते १०६ वयाच्या सुमारे ४८० व्यक्तींच्या मेंदूंतले १० भाग पाहिले. तपासलं ते जनुकांचं काम. अ‍ॅस्ट्रोसाइट आणि ऑलिगोडेंड्रोसाइटमध्ये प्रत्येक भागाची जनुकांची स्वतःची ठेवण असते. वयाबरोबर ती बदललेली दिसली, सर्वाधिक हिप्पोकॅम्पस आणि सबस्टॅन्शिया नायग्रामध्ये. पहिला भाग स्मृतीचा. दुसऱ्यातले न्यूरॉन पार्किन्सनमध्ये मरतात. संख्येने जशाच्या तशा राहिलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट वागायला पूर्वीसारख्या राहत नाहीत, हे कोपनहेगनच्या मोजणीत दिसणं शक्यच नव्हतं.