गळ्यातली दोरी

आमचे अब्बा उद्यमनगरात टर्नर होते. कारखान्यात पाऊल टाकलं की त्यांचं पहिलं काम ठरलेलं. गळ्यातला ताईत काढायचा आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायचा. संध्याकाळी हात धुतले की तो पुन्हा गळ्यात. अम्मीला हे पटत नसे. "जिथं धोका, तिथंच ताईत खिळ्याला?" असं ती विचारायची. अब्बांचं उत्तर एकच असे, "मशीनला ताईत वाचता येत नाही. तिला फक्त दोरी सापडते."

परवा त्या खिळ्याची आठवण झाली. पुतण्या गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कामाला लागला. पहिल्याच दिवशी घरी आला तो गळ्यात निळा पट्टा आणि त्याला लोंबणारं ओळखपत्र घेऊन. मी विचारलं, "लेथवरही हेच घालतोस?" म्हणाला, "काका, काढायचं नाही असं सांगितलंय. मी शर्टात खोचतो." मला त्या रात्री झोप लागली नाही.

कारण साधं आहे. फिरत्या चकमध्ये दोरीचा पदर अडकला, की तो गुंडाळत जातो आणि माणसाला सावरायला वेळच मिळत नाही. दोरी जितकी मजबूत, तितका धोका मोठा. म्हणून तर १९४८ च्या कारखाने कायद्यात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर घट्ट असावेत, असं म्हटलं होतं. सैल बाही आणि लोंबता पट्टा, यंत्राच्या लेखी दोन्ही सारखेच.

हा पट्टा मूळचा जहाजावरचा. चाकू पाण्यात पडू नये म्हणून खलाशी तो दोरीनं अंगाला बांधत. वस्तू हरवू नये, एवढंच त्या दोरीचं काम. आमच्या गुजरीतले पटवेगारही तेच करतात. साज रेशमात असा गाठवतात, की एक पान गळून पडायचं नाही. पुढे ही दोरी शिट्टीला आली, चष्म्याला आली, केएमटीच्या कंडक्टरच्या तिकीट यंत्राला पट्टा होऊन आली. फुटबॉलचे पंच मात्र शहाणे. शाहू स्टेडियमवर बघा, शिट्टी बहुधा हातात किंवा मनगटाला असते. धावपळीत गळ्यातली दोरी कुणाच्या हातात सापडेल, सांगता येत नाही.

आता काही पट्ट्यांना मानेमागे प्लॅस्टिकचा एक जोड असतो. हिसका बसला की तो आपोआप सुटतो. दवाखान्यात घाबरलेला रुग्ण नर्सचा पट्टा धरून ओढतो, तिथं हा जोड फार उपयोगी. पण लेथपाशी त्याच्याही भरवशावर राहू नये. तिथं पट्टा काढलेलाच बरा.

आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या गळ्यात काळा दोरा बांधतात, हिंदूंच्या घरी आणि आमच्याही. झोपेत तो कशात अडकला, तर बाळाला सोडवून घेता येत नाही. म्हणून डॉक्टर बाळाच्या गळ्यात काही बांधू नका म्हणतात. नातवाच्या वेळी मी हे बोललो, तर घरात दोन दिवस अबोला होता. शेवटी दोरा कमरेला गेला.

पुतण्यानं सुपरवायझरना विचारलं. त्यांनी लगेच मान्य केलं. आता ओळखपत्र खिशाला चिमट्यानं लावलेलं असतं. निळा पट्टा तो बसमध्ये घालतो, गेटवर काढतो.