गोठणाऱ्या थंडींतील इंधनघट

कऱ्हाडालगतच्या मलकापुरांत पौषांतल्या पहांटे मोटार सुरू होण्यास चार क्षण अधिक लागले, कीं आपण थंडीला बोल लावतों. पण तेथें पाणी कांहीं गोठत नाहीं. आपल्याच सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरीं मात्र एखाद्या कडाक्याच्या रात्रीनंतर वेण्णा तलावाच्या कांठीं दंव गोठून पांढरें झालेलें दिसतें. तेवढी थंडी देखील ज्याचा श्वास कोंडूं शकते, अशा एका यंत्राविषयीं आज बोलावयाचें आहे.

हें यंत्र म्हणजे हायड्रोजनचा इंधनघट. त्यांत ज्वाला नाहीं. मध्यें एक पातळ पडदा आणि त्याच्या दोन्ही अंगांस प्लॅटिनमयुक्त लेप, एवढीच त्याची रचना. एका अंगास हायड्रोजन येतो. त्याचे प्रोटॉन पडद्यांतून पलीकडे जातात. इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेनें वळसा घेऊन येतात, तीच आपली वीज. पलीकडे हवेंतील प्राणवायूशीं दोघांची गांठ पडून पाणी तयार होतें. एक किलो हायड्रोजनापासून नऊ किलो पाणी! पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत २०२० सालीं अशा घटावर मोटारगाडी चालवून पाहण्यांत आली, आणि २०२२ च्या ऑगस्टांत पुण्यांतच बसही अवतरली. या घटाला ६५ ते ७५ अंशांची ऊब मानवते. पुण्याच्या हवेंत ती सहज मिळते.

लेहची गोष्ट वेगळी. सुमारें ३५०० मीटर उंचीवरील त्या गांवीं एन. टी. पी. सी. या सरकारी वीज कंपनीनें २०२३ च्या ऑगस्टांत हायड्रोजनवरील बस चाचणीसाठीं आणली. तेथें हिवाळ्याच्या रात्रीं पारा शून्याखालीं दहा-पंधरा अंश जातो. अशा थंडींत गाडी उभी राहिली, कीं घटांत उरलेलें पाणी गोठूं लागतें. गोठतांना तें सुमारें नऊ टक्के फुगतें. असें वारंवार झाल्यास लेप पडद्यापासून सुटूं लागतो. पहांटे घट चालू करावा, तर नव्यानें होणारें पाणीही जागच्या जागीं गोठून प्राणवायूच्या वाटेवरील बारीक छिद्रें बुजवितें. घट आपल्याच पाण्यानें गुदमरतो.

मग सारेंच पाणी काढून टाकावें, असें कोणी म्हणेल. पण पडदा ओलसर असल्यावांचून त्यांतून प्रोटॉन जात नाहींत. म्हणून गाडी बंद करतांना घटांतून हवेचा झोत सोडून मोकळें पाणी तेवढें उडवावयाचें आणि पडद्याचा ओलावा राखावयाचा. झोत कमी पडला तर बर्फ. अधिक झाला तर पडदा शुष्क.

सुरू करतांना दुसरी युक्ति योजतात. प्रथम मुद्दाम हवा कमी देतात, म्हणजे विजेऐवजीं उष्णता अधिक निघते व बर्फ सांचण्यापूर्वींच घट तापतो. अशा उपायांनीं, २०१४ सालीं विक्रीस आलेली टोयोटाची मिराई मोटार उणे ३० अंशांतही सुरू होते. लेहला विरळ हवेची अडचण आणखी आहे. तेथें हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारें दोन तृतीयांशच असतो. त्यामुळें घटांत हवा दाबून घालणाऱ्या पंपास अधिक वीज खर्चावी लागते.

थांब्यावर कुडकुडत उभ्या असलेल्या प्रवाशाला यांतलें कांहीं ठाऊक असण्याचें कारण नाहीं. गाडी वेळेवर निघावी, एवढेंच त्याचें मागणें. तें पुरें होईल कीं नाहीं, हें पुष्कळसें आदल्या संध्याकाळीं, गाडी बंद करतांनाच ठरलेलें असतें. रात्रीं विरजण लावावें तेव्हां सकाळीं दहीं मिळतें; या यंत्राचेंही तसेंच आहे.