निघोजचे रांजण, लोणारचा आघात

पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडीच्या पात्रात उतरलं की काळ्या कातळात रांजणखळगे दिसतात. भोवऱ्यात अडकलेले दगडगोटे हजारो वर्षं गरगरत राहिले आणि त्यांनी बसाल्ट कोरून काढला. आतून हात फिरवला तर भिंत गुळगुळीत लागते.

लाव्हा थिजून बनलेल्या याच बसाल्टच्या कातळात, बुलढाणा जिल्ह्यात लोणारला, सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचं विवर आहे. त्याच्या निर्मितीशी मात्र पाण्याचा काही संबंध नाही. अवकाशातून आलेला पाषाण प्रचंड वेगाने आदळला आणि उसळलेल्या धक्कालहरीने जमीन उधळली. काठावरचे थर उचलले गेले, काही चक्क उलटे झाले. कातळातल्या फेल्डस्पार खनिजाची स्फटिकरचना त्या दाबाखाली मोडली आणि त्याची काच झाली. तिला मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीतून अशी काच तयार होत नाही. म्हणूनच १९७३मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकातल्या शोधनिबंधात हा आघाताचा भक्कम पुरावा ठरला.

मला यातला सर्वांत विलक्षण धागा वाटतो तो पुढचा. मॅस्केलिनाइट प्रथम ओळखलं गेलं ते १८६५मध्ये बिहारच्या शेरघाटीत पडलेल्या उल्केत, आणि ती उल्का निघाली मंगळावरची! तिथेही जमीन मुख्यतः बसाल्टचीच. पृथ्वीवर बसाल्टमधली आघात-विवरं मोजकीच असल्यामुळे मंगळाचे अभ्यासक लोणारचे दगड तपासतात. मंगळावर अब्जावधी वर्षांपूर्वीची विवरं अजून टिकून आहेत. लोणारचा काठ मात्र दर पावसाळ्यात थोडा झिजतो, आणि बाहेर उधळलेल्या दगडमातीचा मौल्यवान थरही त्याबरोबर वाहून जातो.