रात्रीचा हिशेब सकाळी



आमच्या बचत गटाची बैठक पूर्वी रात्री जेवणं उरकल्यावर भरायची. एकदा हप्त्यांची बेरीज जुळेना. आम्ही एकमेकींवर संशय घेतला, नको ते बोललो. सकाळी वही पाहिली तर हातचा एक धरायचा राहिला होता. पैसे पेटीतच होते, पण बोललेलं परत घेता आलं नाही.

असं का होतं? पहाटे 5 वाजता उठलेली बाई रात्री 10 वाजता सलग 17 तास जागी असते. इतक्या वेळानंतर माणूस थोडी दारू प्यायल्यासारखा मंदावतो, हे संशोधकांनी चाचण्या घेऊन पाहिलं आहे. कपाळामागचा मेंदूचा भाग विचार करतो आणि जिभेला लगामही घालतो. थकल्यावर त्याचं काम ढिलं पडतं. मग बेरीज चुकते आणि रागही आवरत नाही.

जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठतं, त्यानं डोळे जड होतात. चहा त्याचा परिणाम काही तास झाकतो, थकवा घालवत नाही. तो झोपेनंच जातो. उलट रात्रीचा चहा आणि डोक्यातलं भांडण, दोन्ही झोप उडवतात.

आता आम्ही दुपारी 3 वाजता बसतो. रात्री कुणी कर्जाच्या कागदावर सही मागितली, तर "सकाळी बघू" म्हणतो.

मोठ्या माणसाला किमान 7 तास झोप हवी. त्यासाठी रात्रीची कामं घरातल्या सगळ्यांनी वाटून घ्यायला हवीत. हे घरी नक्की बोला, पण सकाळी!