कार्यशाळा झाली, टेबल आलं. बदल कुठे मोजायचा?

समजा, तुमचा पीएचडीचा प्रश्न असा आहे: कॉलेजच्या मुलामुलींना जातिभेद ओळखायला आणि त्याविरुद्ध उभं राहायला शिकवता येतं का? तुम्ही तीन दिवसांची कार्यशाळा घेता. आधी प्रश्नावली, नंतर तीच प्रश्नावली. 'दुसऱ्या जातीच्या मित्राकडे जेवाल का?' याला ६० पैकी आधी ४० 'हो' होते, आता ५८ झाले. पी-व्हॅल्यू झकास, गाईड खूश.

पण तुम्ही मोजलं काय? ज्यांनी तीन दिवस 'जातिभेद वाईट' असं सांगितलं, त्यांच्याच हातात कागद द्यायचाय हे पोरांना कळतं. बारावीपर्यंत परीक्षा दिलेली मुलं आहेत ती. सरांना कुठलं उत्तर हवंय, हे त्यांना बरोबर कळतं. संशोधनात याला सोशल डिझायरेबिलिटी बायस म्हणतात. आपण सरळ 'शोभेसं उत्तर' म्हणू.

यावर थोडाफार इलाज आहे. हरियाणातल्या ३१४ सरकारी शाळांपैकी काहींमध्ये 'ब्रेकथ्रू' संस्थेने मुलगा-मुलगी भेदावर वर्गात चर्चा घेतल्या, त्याही सुमारे अडीच वर्षं. कोणत्या शाळेत चर्चा होणार, हे रँडम पद्धतीने ठरलं होतं. अभ्यास करणाऱ्या दिवा धर, तरुण जैन आणि सीमा जयचंद्रन यांनी एक वेगळी प्रश्नावलीही भरून घेतली. एखाद्याला स्वतःला चांगलं दाखवायची किती सवय आहे, हे तिच्यातून मोजलं जातं. २०२२ साली छापलेल्या पेपरनुसार मतं बदलली आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही तो बदल बराचसा टिकून होता. तरी 'मी घरकाम करतो' हेसुद्धा शेवटी मुलानेच सांगितलेलं असतं, हे विसरू नका.

मॅट लो यांचा २०२१ चा पेपर मला जास्त आवडतो. त्यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांना क्रिकेट लीगमध्ये खेळवलं. काही संघ एकाच जातीचे, काही मिश्र, तेही रँडम. भाषण नाही, कार्यशाळा नाही. नंतर पाहिलं, कोणाची कोणाशी दोस्ती झाली आणि कोण कोणाशी देवाणघेवाण करतो. एका संघातून खेळले त्यांची जातीबाहेर मैत्री वाढली. समोरासमोर खेळले त्यांच्यात उलट साधारणपणे अंतरच वाढलं. म्हणजे नुसतं 'एकत्र आणा' एवढं पुरत नाही, कशासाठी एकत्र आणता ते महत्त्वाचं. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच अटी सांगितल्या होत्या: समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वरून पाठिंबा.

आता आपल्या जिल्ह्यात या. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवलं. त्यांत दलित बायका होत्या, निरक्षरही होत्या. बाळंतपणाला सवर्ण घरातून अशा बाईला बोलावणं येतं तेव्हा वागणं बदललेलं दिसतं, आणि तिथे प्रश्नावली लागत नाही. हातपंपाची जागाही त्यांनी मुद्दाम दलित वस्तीत धरली. पाणी हवं तर तिथेच जायचं.

आणि याच जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात २८ एप्रिल २०१४ रोजी एका १७ वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो म्हणून मारलं, असा आरोप होता. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये जिल्हा न्यायालयाने आरोपींना निर्दोष सोडलं.

यावरून 'जामखेडचं काम फुकट गेलं' असं लिहू नका. एका घटनेवरून तसं म्हणता येत नाही. ते काम झालंच नसतं तर तालुका कसा असता, हे आपल्याला दिसत नाही, आणि दुसरा जामखेड कंट्रोल ग्रुप म्हणून मिळत नाही. पण मोजायचं काय, ते खर्डा दाखवतं. भेदभाव ओळखता येणं एक आणि तो पाहिल्यावर कोर्टात उभं राहून सांगणं दुसरं. पहिल्याला तीन दिवस पुरतात. दुसऱ्यात गावात राहायचं असतं, शेताला त्याच वाटेने जायचं असतं.

म्हणून सिनॉप्सिसमध्ये वागणुकीचं निदान एक तरी माप घाला: सहा महिन्यांनी डबा कोण कोणासोबत खातं, प्रॅक्टिकलला जोड्या कशा लागतात, वर्गात कोणी जातीवरून टोमणा मारला तर तक्रारीला सोबत कोण गेलं. मोजणारी व्यक्ती कार्यशाळा घेणारी नको.

आणि एथिक्स कमिटीच्या फॉर्मवर 'सहभागींना धोका: नाही' अशी टिक करण्याआधी जरा थांबा. 'बोला' असं तुम्ही शिकवणार आणि बोलणार ती दलित मुलगी. तुमचा डेटा गोळा झाला की तुम्ही पुण्याला परत, ती मात्र त्याच एसटीने त्याच गावात. तिला काही झालं तर फोन कोणाला करायचा, कॉलेजातलं कोण जबाबदार, ॲट्रॉसिटी कायद्याखाली मदत कुठे मिळेल, हे पहिल्या प्रश्नावलीच्या आधी ठरवून लेखी घ्या.